दिराचा उजवा पाय

१३ निसान, रविवार

नाही म्हणाला! तोंडावर नाही म्हणाला.

"बूट घालणार नाही, पाय पुढे करणार नाही, रब्बींच्या कचेरीची पायरी चढणार नाही. तिला काय करायचं ते करू दे!" — हे माझा नातू आशेर बोलला. लहानपणी माझ्या मांडीवर बसून मध चाटायचा तोच हा.

त्याचा थोरला भाऊ अवनेर हनुक्काच्या, दिव्यांच्या सणात गेला. कारखान्याचा ट्रक मृत समुद्राच्या उतारावर उलटला. शंभर दिवस झाले. मूलबाळ नाही. आणि मूलबाळ नसलं की आमच्या कायद्यात बाई नवऱ्याबरोबर सुटत नाही, दिराला बांधली जाते. मोशेच्या वेळेपासून असंच. पूर्वी दीर तिला घरात घ्यायचा. आता घेत नाहीत, फक्त सोडतात. पाच रब्बींपुढे दिराने उजव्या पायात चामड्याचा बूट घालायचा, तिने तो आपल्या हाताने सोडून फेकायचा, त्याच्यापुढे थुंकायचं आणि 'भावाचं घर न बांधणाऱ्याचं असंच होवो' म्हणायचं. झालं, मोकळी. अर्ध्या तासाचं काम.

पण दिराने पाय दिला नाही तर? तर मरेपर्यंत बस. दुसरं लग्न नाही, काही नाही. अवनेरची बायको लेवाना अठ्ठावीस वर्षांची आहे.

मी म्हटलं, "आशेर, तुझ्या पायाला सोनं लागलंय का?"

"आजी, तू मध्ये पडू नकोस."

मी नाही पडायचं तर कोणी पडायचं? यांचा बाप हायिम, माझा मुलगा, मेला. आई रहमा, माझी सून, तीही मेली. उरले मी! घरभर भिजवलेली भांडी पडलीत, खमीर झाडायचं राहिलंय, परवा वल्हांडण.

१६ निसान, बुधवार

सणाच्या मधल्या दिवसांत लिहू नये म्हणतात. न लिहिता फुटेन, त्यापेक्षा लिहिलेलं बरं. देवाला माझं अक्षर लागतच नाही. बाकी कोणाला लागतंय? बासष्टाव्या वर्षी शिकलेलं. आम्हा म्हाताऱ्यांना शिकवायला सरकारने पाठवलेली सैनिक पोरगी म्हणायची, "आजीबाई, तुमची अक्षरं भांडल्यासारखी उभी राहतात." राहू देत.

वल्हांडणाचं जेवण आशेरच्या घरी. पोरांनी बेखमीर भाकरीचा चुरा खुर्च्यांखाली केला. मिसर देशातून सुटलो त्याची आठवण म्हणून आमच्यात ते ताट प्रत्येकाच्या डोक्यावरून फिरवतात. हाड, अंडं, कडू भाजी, सगळं असलेलं जड ताट. आशेरने फिरवलं. माझ्या डोक्यावरून, बायकोच्या, पोरांच्या — धाकट्याच्या तर तीनदा, कारण त्याला आवडलं. लेवानापाशी आला. तिने मान जरा खाली केली, ताटासाठी. आणि हा ताट घेऊन मागे वळला!

ती तशीच मान वाकवून बसली. पोरं गाणं म्हणायची थांबली.

मी विचारलं, "काय रे, हात दुखला?"

"तिला आपल्या घरातून जायचंच आहे ना. मग आपल्या सुटकेशी तिचा काय संबंध?"

"जायचंय ना? मग जाऊ दे की! मिसरचा राजा फारोसुद्धा असंच म्हणत होता, आधी नाही, मग बघू, मग परत नाही."

"मी फारो?"

"फारोकडे रथ तरी होते. तुझ्याकडे काय आहे? पाय!"

त्याची बायको खाली बघून हसली, मी पाहिलं. मग मी उठले, ताट त्याच्या हातून ओढलं आणि लेवानाच्या डोक्यावरून मीच फिरवलं. माझे हात असे — अंडं घरंगळून तिच्या मांडीत पडलं. ती हसली. शंभर दिवसांत पहिल्यांदा! मग रडायला लागली. अंड्यावर मीठ लावायची गरजच पडली नाही.

२२ निसान, मंगळवार

काल सण सुटला. सण सुटल्याच्या रात्री आमची मिमूने, सगळ्यांसाठी दारं उघडी. मी साठ मुफ्लेटा पोळ्या लाटल्या, तेलात, कागदासारख्या. लोणी, मध. सगळी गल्ली येऊन खाऊन गेली.

शाळेतला सुतारकामाचा ओहाना मास्तरही आला. विधुर आहे. दोन पोरी बरोबर होत्या, वेण्या वाकड्या घातलेल्या. बापाने घातल्या असणार. लेवानाने धाकटीची वेणी सोडली आणि नीट घातली. एवढंच. ओहाना खुर्चीच्या टोकावर बसून बघत होता. सुतार माणूस, पण खुर्चीवर कसं बसावं तेच विसरला.

आशेर दारातून हे सगळं बघून गेला. आत आलासुद्धा नाही. मुफ्लेटा न खाता मिमूनेला दारातून परत जाणारा माणूस मी सत्तर वर्षांत पाहिला नव्हता.

२३ निसान

आशेर आला, भांडायला. "माझ्या भावाच्या थडग्यावर दगडसुद्धा बसवला नाही अजून, आणि हिला वेण्या घालायला घर मिळालं?"

"दगड बसवला की पाय देशील?"

"नाही!"

"मग दगडाचं कशाला सांगतोस?"

मग खरं बाहेर आलं. अवनेर गेला त्या सकाळी नवरा-बायकोचं भांडण झालं होतं. आशेर म्हणतो, डोक्यात राग घेऊन गाडी चालवली, म्हणून गेला. म्हणजे हिनेच मारला. अगं बाई! नवरा-बायकोच्या भांडणाने माणसं मरायला लागली तर या गावात एकही पुरुष उरायचा नाही.

तो ओरडत नव्हता. ते जास्त वाईट. "आजी, तो माझा एकच भाऊ होता. तिने त्याला पुसून टाकायचं, आणि तेही माझ्याच पायाने?" असं म्हणाला. मी त्याला बोर्मा दिला, दुधी भोपळ्याचा मुरंबा. खाल्ला नाही.

२८ निसान

पुरुष रोज संध्याकाळी देवळात दिवस मोजतात. आज तेरावा. मिसरमधून सुटल्यापासून सीनायवर कायदा मिळेपर्यंत एकोणपन्नास. सुटकेकडून कायद्याकडे. लेवाना उलटी चाललीय, कायद्याकडून सुटकेकडे. तिला आकडा कोणी सांगितलेला नाही.

२ इय्यार, शुक्रवार

लेवाना आली, दर शुक्रवारी येते तशी. दवाखान्यातलं काम सुटलं की थेट. माझी फरशी पुसते, मी नको म्हणते, ती पुसते. आज पुसता पुसता म्हणाली, "आजी, ओहानाच्या बहिणीने त्याच्यासाठी अश्दोदची एक बाई पाहिलीय. एकोणपन्नास दिवस मोजून झाले की, सप्ताहांच्या सणानंतर उत्तर द्यायचंय त्याला."

"तो काय म्हणतो?"

"तो काही म्हणत नाही. मला दोन उभ्या फळ्यांची मांडणी करून दिली."

"हे उत्तरच आहे."

"आजी, मांडणी घेऊन काय करू? त्याच्या पोरींना आई पाहिजे आणि मला…" तिने फडकं पिळलं. जोरात पिळलं.

मला माझी रहेल मावशी आठवली. मोरोक्कोत, ताफिलाल्तमधल्या आमच्या गावात होती. नवरा विंचू चावून मेला, दीर आधीच ब्राझीलला रबर गोळा करायला गेलेला. तिकडून पत्र नाही, पाय नाही. मावशी बावीस वर्षांची. मग बत्तीसची. मग बाहत्तरची. लोकांच्या लग्नात कुसकुस वळायची, सगळ्यात बारीक दाणा तिचा. नवरीच्या हातावर मेंदी मात्र तिला लावू द्यायचे नाहीत. बांधलेल्या बाईचा हात! ती मेली तेव्हा तिच्या पेटीत आम्हाला एक बूट सापडला. पुरुषाचा, उजवा. कुठून आणला, कधी आणला, कोणाला माहीत. तिने एकटीने खोलीत काय केलं असेल ते मी लिहीत नाही.

लेवानाला हे सांगितलं नाही. चहा पुदिना जास्त घालून दिला.

५ इय्यार

आज देशाचा स्वातंत्र्यदिन. गच्च्यांवर झेंडे, गल्लीभर मांस भाजल्याचा धूर. लेवाना दिवसभर दार लावून होती.

८ इय्यार, गुरुवार

लेवानाबरोबर शहरात रब्बींच्या कचेरीत गेले. बसमध्ये माझे गुडघे सुजले. मुख्य रब्बी भला माणूस, दाढीत आठळीसारखा लहान चेहरा. मला खुर्ची दिली.

म्हणाला, "आजी, दोनदा बोलावणं पाठवलं. येत नाही. तिसरं पाठवतो."

"आणि चौथं?"

"चौथंही पाठवू."

"चाळीस वर्षं पाठवाल. तुम्हाला वाळवंटाची सवयच आहे."

बाजूचा कारकून खोकला. रब्बी रागावला नाही. "आम्ही माणूस बोलावू शकतो, आजी. नुसता पाय आणवू शकत नाही."

"देव पण बघा ना," मी म्हटलं. "समुद्र फाडला. पण बुटाची नाडी सोडायची वेळ आली तेव्हा पुरुषावर सोपवून मोकळा झाला."

लेवानाने माझी बाही ओढली. रब्बी म्हणाला, "हे मीही विचारलंय." विचारून काय उपयोग? उत्तर मिळालं असतं तर ही कचेरी बंद पडली असती.

१२ इय्यार

रब्बी अमराम आमच्या गल्लीतला, म्हातारा, अर्धा आंधळा. तोंडपाठ मात्र सगळं. त्याला वांग्याचं लोणचं नेऊन दिलं आणि विचारलं, "चार पोरं लावून आशेरला बदडलं तर?"

"तू बदडवणार, तामू?"

"मी विचारते आहे."

"मारून दिलेला पाय चालत नाही. बाई बांधलेलीच राहते. मनापासून द्यावा लागतो."

"आणि फसवून?"

तो हसला, एकच दात. "बाई गं, काय प्रश्न! फसवून घेतलेला मात्र चालतो. आपल्या पूर्वजांनी तसं सांगून ठेवलंय."

"शहाणे होते."

"शहाणे नव्हते. त्यांनाही नाती होत्या." आणि लोणचं खाऊ लागला.

१४ इय्यार

मसूर निवडताना एक गोष्ट सुचली. या वहीत लिहिणार नाही. काही गोष्टी आधी लिहिल्या की करायचं धैर्य होत नाही.

१७ इय्यार

दोनदा आशेरच्या दारापर्यंत गेले. दोनदा परत आले.

१९ इय्यार, सोमवार

सांगितलं.

दुपारी गेले. बायको पोरांना घेऊन माहेरी. तो गच्चीवर पाण्याची टाकी साफ करत होता, बाह्या वर, हात शेवाळाने हिरवे. मी म्हटलं, खाली ये. म्हणाला, बोल, वरूनच ऐकतो. म्हटलं, वरून ऐकायची गोष्ट नाही, मोशे पण खालीच आला होता.

स्वयंपाकघरात बसलो. मी त्याला जे सांगितलं ते असं:

"छप्पन साली आम्ही मोरोक्कोहून निघालो. मार्सेलीला बोटीची वाट बघत छावणीत पडलो, पत्र्याच्या शेडमध्ये. तुझी आई रहमा तिथेच बाळंत झाली. तिचं मूल तिसऱ्या दिवशी गेलं. शेजारच्या खाटेवर डोंगरातल्या गावची एक बाई होती, आमच्यातलीच, एकटी. ती बाळंतपणात गेली, मूल जगलं. रहमाची छाती भरलेली होती. तिने घेतलं. हायिमने कागदावर आपलं नाव घातलं. ते मूल तू."

त्याच्या हातावरचं शेवाळ वाळत होतं. तो ते खरवडत राहिला.

"अवनेरला माहीत होतं?"

"नाही. तुझे आई-बाप गेले. आता फक्त मला."

"म्हणजे अवनेर माझा कोणी नव्हता."

"ते तू ठरव," मी म्हटलं. "रब्बींना हे सांगितलंस तर भाऊच नव्हतास, मग लेवाना बांधलेलीच नाही. उद्याच मोकळी. पण संध्याकाळपर्यंत गावभर होईल. आणि बूट घातलास, तर पाच रब्बी सही करून लिहितील की हा अवनेरचा भाऊ, एकाच बापाचा. मग जगात कोणी काढून घेऊ शकणार नाही. मी तर कोणाला सांगणारच नाही. दोन्ही तुझ्या हातात."

"आजी," तो म्हणाला, "तू हे आत्ताच का सांगितलंस?"

"कारण मी मरणार आहे."

"तू दहा वर्षं हेच म्हणतेस."

"एक दिवस खरं होईल."

तो हसला नाही. मी उठले. दारात वळून पाहिलं, तर तो टेबलावर हात पालथे ठेवून त्यांच्याकडे बघत होता. ते हात हायिमसारखे आहेत का, हे बघत असणार. मी लवकर जिना उतरले. गुडघे दुखले ते बरंच झालं.

२० इय्यार

आशेर आला नाही.

२१ इय्यार

आला नाही. त्याची बायको आली. विचारत होती, "आजी, यांना काय झालंय? आरशापुढे उभे राहतात, आणि भिंतीवरचा बाबांचा फोटो काढून हातात घेतात." मी म्हटलं, वय वाढतंय.

२४ इय्यार, शनिवार, शब्बाथ सुटल्यावर

लेवाना धावत आली, पायात चपलासुद्धा दोन जोड्यांतल्या. "आजी! तो येतोय! मंगळवारी! स्वतः कचेरीत फोन केला म्हणे!"

"बरं."

"बरं? एवढंच? आजी, तू काय केलंस?"

"मी काय करणार? म्हातारी बाई. वांगी भाजते आहे."

२७ इय्यार, मंगळवार

लिहिते.

लेवाना सकाळपासून उपाशी. थुंकी स्वच्छ हवी, असं आहे. आशेर आधीच येऊन बसला होता, पांढरा सदरा, वल्हांडणाला घातला होता तोच. त्याने उजवा पाय धुतला. कारकुनाने फडक्यातून बूट आणला. कचेरीचाच बूट तो, काळपट, चामड्याच्या वाद्या. किती दिरांचे पाय त्यात गेले असतील! वास आला मला. जुन्या गाढवाच्या खोगिरासारखा.

रब्बीने विचारलं, "अवनेर बेन हायिम तुझा भाऊ?"

"हो."

"एकाच बापाचा?"

मी भिंतीला टेकले. आशेरने मान वर केली आणि एवढ्या मोठ्याने बोलला की बाहेरच्या बाकावरची माणसं वळली. "हो! एकाच बापाचा! हायिम बेन यायीशचा!" यायीशचा मुलगा हायिम, माझ्या नवऱ्याचंसुद्धा नाव घेतलं.

रब्बीने लिहून घेतलं. आशेर त्या लेखणीकडे बघत होता, वाळवंटात पाण्याकडे बघतात तसा.

मग त्याने पाय जमिनीवर घट्ट रोवला. लेवाना वाकली. उजव्याच हाताने सोडायचं असतं, गाठी घट्ट. तिची नखं मोडली असतील. सुटला. तिने टाच धरून पाय उचलला, बूट काढला आणि फेकला. दाराजवळ जाऊन पडला. मग ती त्याच्यापुढे थुंकली. तोंड कोरडं, पहिल्यांदा आलंच नाही. दुसऱ्यांदा आलं. पाचही रब्बी पुढे झुकून फरशीकडे बघू लागले. पाच दाढ्या एका थुंकीवर! दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसून मेले असते.

ती शब्द रब्बीमागून म्हणत गेली, एकेक. भावाचं घर न बांधणाऱ्याचं असंच होवो. त्याच्या घराचं नाव पडो, बूट काढलेल्याचं घर. सगळे तीनदा ओरडले, "बूट काढलेला! बूट काढलेला! बूट काढलेला!"

आणि आशेर — भर कचेरीत शिवी खाताना — त्याचा चेहरा असा होता, जसा बारशाच्या वेळी मुलाचं नाव घेतात तेव्हा बापाचा असतो.

बाहेर आल्यावर लेवाना त्याच्यापाशी गेली. "आशेर, मला वाटलं नव्हतं की तू…"

"माझा भाऊ असता तर त्याने हेच सांगितलं असतं," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "माझा भाऊ." आणि आपला स्वतःचा बूट घालायला खाली बसला. नाडी बांधायला त्याला फार वेळ लागला.

लेवाना बसमध्ये माझ्या खांद्यावर झोपून गेली. तोंड उघडं टाकून. मी सगळा रस्ता जागी.

४ सिवान

ओहाना आला, टोपी हातात घेऊन. लेवानाला मागायला माझ्याकडे आला! मी म्हटलं, माझी ती आता कोणी नाही, तिलाच विचार. तो म्हणाला, तिला विचारलं, ती म्हणाली आधी आजीला विचार.

मी म्हटलं, वेण्या शिकून घे आधी.

८ सिवान, शुक्रवार

सण झाला. देवळात देव आणि इस्राएल यांच्यातला लग्नाचा करार वाचला, दरवर्षीसारखा. वर म्हणून देव, वधू म्हणून आम्ही सगळे. साक्षीला आकाश आणि पृथ्वी. ऐकताना वाटलं, या नवऱ्याला भाऊ नाही ते बरं आहे.

नियमशास्त्राच्या गुंडाळीपुढे आशेरला बोलावलं. "उभा राहा, आशेर बेन हायिम!" मी वर बायकांच्या जाळीतून बघत होते. त्याचा आवाज आशीर्वाद म्हणताना दोनदा फुटला. खाली आल्यावर लोक पाठ थोपटत होते. त्यांना वाटलं, अवनेर आठवला.

लेवाना या शुक्रवारी आली नाही. ओहानाच्या पोरींना कपडे घ्यायला शहरात गेली. फरशी मीच पुसली.

१० सिवान, रविवार

आशेर आला होता. त्या मार्सेलीच्या बाईचं नाव विचारत होता. तिच्यासाठी मागे कोणी नाही, तर वर्षभर कद्दीश, मेलेल्यांसाठीची प्रार्थना, आपण म्हणू, मुलगा म्हणून, असं म्हणतो. तशी बाई कोणी नव्हतीच. रहमाच्या शेजारची खाट रिकामी होती. हा तिच्या पोटात आडवा आला होता, मीच हात घालून फिरवला, नाळ मीच कापली. तो वही-पेन्सिल घेऊन समोर बसून राहिला. शेवटी जिभेवर जे नाव पहिलं आलं ते सांगितलं. माझंच.